डोंगरचे हक्क आणि नवी राजवट

छत्रपती संभाजीनगराहून धुळ्याकडे जाणारा राजमार्ग दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी मागे टाकून कन्नडच्या पुढे आला, की मराठवाड्याचे पठार एकाएकी संपते आणि सातमाळा-अजिंठ्याच्या कड्यावरून वळणे घेत तो चाळीसगावच्या सपाटीवर, म्हणजे खानदेशात, उतरतो. या उतरणीला औट्रम घाट म्हणतात. 1986 साली घोषित झालेल्या येथल्या अभयारण्याच्या नावातही गौताळ्याच्या जोडीला हाच औट्रम येऊन बसला आहे. घाटात एखादे वाहन बंद पडले म्हणजे तासन्‌तास खोळंबून राहणाऱ्या उतारूंच्या तोंडी हे नाव दिवसातून कितीदा तरी येत असेल. परंतु हा जेम्स औट्रम 1825 साली बावीस वर्षांचा एक कनिष्ठ लष्करी अंमलदार होता, आणि नुकत्याच स्थापन झालेल्या एका राजवटीविरुद्ध या डोंगरांतील भिल्लांनी उभारलेले बंड मिटविण्यासाठी त्याची योजना झाली होती, हे ठाऊक असणारे त्यांत विरळाच. त्या बंडाची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहेच. पण पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी इराकच्या उत्तर सीमेवर असिरियन लोकांच्या वाट्याला जे आले, ते तिच्या शेजारी ठेवून पाहिले असता दोन्हींचा अर्थ अधिक उलगडतो, असे मला वाटते.

पेशवाई बुडाली तेव्हा खानदेश एका दिवसात कंपनीच्या हाती आला नाही. मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदीने जून 1818 मध्ये शरणागती पत्करली, तेव्हा कोठे तेथे कंपनीचे निशाण लागले, आणि दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांस त्या मुलखाचा कारभार सोपविला. ब्रिग्ज यांच्या स्वाधीन झालेला मुलूख नावापुरताच मुलूख राहिला होता. 1802 साली यशवंतराव होळकरांच्या फौजा त्यावरून गेल्या, त्यांच्या पाठोपाठ दुष्काळ आला, त्यानंतर पेंढारी आले. गावेच्या गावे ओस पडली आणि शिवारांत रान माजून वाघांचा वावर सुरू झाला. महसूल कोणाकडून घ्यावयाचा हाच जेथे प्रश्न होता, तेथे ज्यांच्याकडून महसूल कधीच घेतला जात नसे, उलट ज्यांना तो थोडाफार द्यावा लागे, अशा लोकांचे काय करावयाचे, याचा विचार नव्या अंमलदारांनी प्रारंभी केला नसल्यास नवल नाही.

हे लोक म्हणजे भिल्ल. त्यांपैकी सपाटीवर राहणारे गावोगाव जागल्याचे काम करीत, चोरीचा माग काढीत, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा हक्क उचलीत. डोंगरात राहणाऱ्यांचे नाईक घाटवाटांची राखण करीत आणि त्या वाटेने जाणाऱ्या मालावर, तसेच पायथ्याच्या गावांवर, आपला वहिवाटीचा हक्क सांगत. मोगलाईत आणि मराठेशाहीत हा व्यवहार बहुधा सनदेवाचून, पण संमतीने चालला. ज्याच्या हाती घाट त्याला घाटाचे देणे, ही गोष्ट कमाविसदारासही मान्य होती आणि वंजाऱ्याच्या तांड्यासही. होळकरी धुमाळीत आणि दुष्काळात गाव उठले, तेव्हा गावाबरोबर जागल्याचे खळेही गेले. मग सपाटीचा भिल्ल डोंगरातल्या आपल्या भाऊबंदांकडे वर चढला, आणि जो हक्क पूर्वी मागून मिळत असे तो हत्यार दाखवून घेऊ लागला.

यावर पेशव्यांच्या अंमलदारांनी योजिलेला उपाय मराठी इतिहास वाचणाऱ्याला मान खाली घालावयास लावणारा आहे. 1804 साली सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे भिल्लांचा एक मोठा जमाव सलोख्याच्या मिषाने बोलावून घेतला, आणि ते लोक कचाट्यात सापडल्यावर त्यांतील बहुतेकांना विहिरींत लोटून ठार केले. अशाच कत्तली चाळीसगाव, धरणगाव आणि कन्नड तालुक्यातील अंतूर येथे झाल्या. दुर्गप्रेमी मंडळी आज अंतूरच्या तटावरून खानदेशचा देखावा पाहून येतात; त्या गडाची ही एक ओळख मार्गदर्शकाच्या बोलण्यात सहसा येत नाही. सांगावयाचे एवढेच, की इंग्रजांनी जेव्हा भिल्लांना पहिला कौल पाठविला तेव्हा तो घेणाऱ्याच्या मनात सरकारी आमंत्रणाचा शेवट कोठे होतो याविषयी पक्की खूणगाठ बसलेली होती, आणि पगडी जाऊन टोपी आली एवढ्याने ती सुटण्यासारखी नव्हती.

उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठा अशा दोन रांगांमध्ये सापडलेल्या या प्रांतात पन्नासांहून अधिक नामांकित नाईक आणि त्यांच्या हुकमतीत पाच हजारांवर माणसे होती, असे पुढे भिल्लांचा वृत्तान्त लिहिणाऱ्या कॅप्टन ग्रॅहॅमने नमूद केले आहे. ब्रिग्ज यांनी एका हाताने घाटांची नाकेबंदी करून डोंगरात जाणारी रसद तोडली, आणि दुसऱ्या हाताने शरण येणाऱ्यास माफी, नाईकांस नेमणुका आणि जागल्यांस पूर्वीचे हक्क देऊ केले. धोरण कागदावर उत्तम होते, परंतु नेमणूक कोणाची किती आणि हक्क कोणत्या गावावर, हे ठरविण्यास लागणारी माहिती ज्या दफ्तरात असावयाची ते दफ्तरच धड नव्हते. आणि पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांचे पुतणे गोदाजी व महिपा हे भिल्लांना चिथावणी देत फिरत होते. 1819 साली चहूकडून एकदम उठाव झाला. सातमाळ्यातील चिल नाईक पकडला जाऊन फासावर गेला, आणि त्याच्यामागे दुसरे उभे राहिले. सातपुड्यात दशरथ नाईक, त्यानंतर हिरिया, अशी ही मालिका 1825 पर्यंत अखंड चालू राहिली. डोंगराचा माथा निजामाच्या राज्यात आणि पायथा कंपनीच्या राज्यात, त्यामुळे खालून पलटण आली की वर जावे आणि वरून स्वार आले की खाली उतरावे, ही सोय सातमाळ्यातील नाईकांना सरहद्द आखणाऱ्यांनीच करून दिली होती. पलटणींना भिल्लांच्या बाणांपेक्षा डोंगरातल्या हिवतापानेच अधिक जेर केले.

इंग्रजी कागदपत्रांत या सर्व प्रकाराला लूटमार आणि दरवडेखोरी अशी नावे आहेत. वाटा लुटल्या जात होत्या आणि गावे जाळली जात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्या आगीत होरपळणारा कुणबी काही कंपनीचा शिपाई नव्हता. तरीही 1825 साली बागलाणात शिवराम नावाच्या लोहाराने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून सुमारे आठशे भिल्ल जमविले, अंतापूर लुटले आणि ते मुल्हेरच्या किल्ल्यावर जाऊन बसले, ही एक गोष्ट त्या नावांत मावत नाही. नुसत्या लुटीसाठी निघालेल्या माणसांना छत्रपतींच्या शिक्क्याची गरज काय होती? आपला हक्क ज्याने मान्य करावा असा कोणी धनी त्यांना हवा होता, आणि नव्या राज्यात तो त्यांना दिसत नव्हता. हा मुल्हेरचा जमाव थोडक्या शिपायांनिशी मोडणारा तरुण म्हणजेच औट्रम. येथून त्याच्या नावलौकिकाला प्रारंभ झाला.

एल्फिन्स्टन आता मुंबईचे गव्हर्नर होते. फासाचा दोर पुरणार नाही हे सात वर्षांच्या अनुभवाने ध्यानी आल्यावर त्यांनी त्याच साली खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन केल्या. त्यांतील दक्षिणेच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला होते, आणि कॅप्टन चार्ल्स ओव्हन्स हा तिचा अधिकारी. एजंटाने रानात राहणाऱ्या भिल्लांची नोंद करावी, मागचे गुन्हे माफ झाल्याचे त्यांस लेखी द्यावे, पडीत जमीन लावून द्यावी, बैलजोडी व बियाण्यासाठी तगाई द्यावी, सावकाराशी आणि पाटलाशी असलेले तंटे स्वतः बसून तोडावेत आणि जागल्याचा हक्क गावाकडून वसूल होतो की नाही हे पाहावे, अशी ही कामगिरी होती. तीत शौर्याला वाव नव्हता आणि म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत तिला जागाही नाही. परंतु कन्नडच्या आसपासच्या कित्येक भिल्ल वस्त्यांच्या शेतीचा आरंभ याच खटपटीतून झाला. (हाच ओव्हन्स पुढे साताऱ्यास गेला आणि 1839 साली छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करण्याच्या कारस्थानात त्याचा हात होता. भिल्लांच्या तंट्यांत न्याय शोधणाऱ्या माणसाला साताऱ्यात तो सापडू नये, हा साम्राज्याच्या नोकरीचाच महिमा म्हणावयाचा.)

औट्रमकडे दुसरे काम आले. धरणगाव येथे राहून त्याने भिल्लांचीच एक पलटण उभारावी असा हुकूम होता, आणि जाणत्या लोकांनी तो हुकूम हसण्यावारी नेला. औट्रमने आधी एका नाईकाच्या तळावर रात्री छापा घालून काही माणसे पकडली. मग पकडलेल्यांच्या मध्यस्थीने डोंगरात संधान बांधले, पहाऱ्यावाचून त्यांच्या वस्त्यांत राहिला, त्यांच्यासंगती वाघांच्या शिकारी केल्या आणि दारूचाही हात आखडता घेतला नाही. एवढ्या खटाटोपानंतर पहिल्याने जी माणसे चाकरीस तयार झाली ती अवघी पाच होती. पुढे मात्र संख्या शेकड्यांनी वाढली. ही नवी पलटण मालेगावी आली असता तेविसाव्या पलटणीच्या शिपायांनी, ज्यांत उच्चवर्णीयांचा भरणा मोठा होता, भिल्लांना बरोबरीने वागवून पानसुपारी दिली, अशी नोंद आहे. त्या काळच्या शिवाशिवीचा हिशेब मनात ठेवून वाचली, तर या हकिकतीत तिच्याहून मोठे आश्चर्य मला दिसत नाही. 1828 साली जिल्ह्याच्या कलेक्टरने वर कळविले की वीस वर्षांत प्रथमच मुलखाला सहा महिन्यांची स्वस्थता लाभली.

हे सारे दयाबुद्धीने घडले असे मानण्याचे कारण नाही. भिल्ल शिपायाचा पगार गोऱ्या पलटणीच्या औषधपाण्यापेक्षा स्वस्त पडत होता, आणि ज्या भिल्लाने सरकारची बंदूक घेतली त्याने आपल्याच डोंगरातल्या भिल्लावर ती रोखावयाची होती. तथापि या सौद्यात एक गोष्ट होती, जिच्यावाचून तो टिकला नसता: वचन देणारे सरकार आणि त्या मुलखावर राज्य करणारे सरकार एकच होते, आणि ते दुसऱ्या दिवशी गलबतात बसून निघून जाणार नव्हते. पगार चुकला तर कोणाच्या दारात जावयाचे, हे भिल्लाला माहीत होते.

असिरियनांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. हे लोक म्हणजे पूर्वेच्या प्राचीन ख्रिस्ती धर्मपीठाचे अनुयायी. अरामी कुळातील भाषा बोलणारे आणि आपले मूळ निनव्याच्या प्राचीन साम्राज्याशी जोडणारे. मराठी वाचकाला ते अगदीच परके वाटावयास नकोत. सहाव्या शतकातील एका प्रवाशाने कल्लियाना नावाच्या बंदरात इराणाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण असे मानले जाते. केरळात त्रिशूर येथे तर या धर्मपीठाचे अनुयायी आजही नांदत आहेत. पहिल्या महायुद्धापूर्वी असिरियनांतील डोंगरी टोळ्या तुर्की साम्राज्यातील हक्कारीच्या पहाडांत आपापल्या मलिकांच्या, म्हणजे टोळीप्रमुखांच्या, हाताखाली राहत, आणि मार शिमून या पदवीचा त्यांचा धर्माध्यक्ष चुलत्याकडून पुतण्याकडे चालत येणारी गादी सांभाळीत धर्मकारण आणि राजकारण दोन्ही पाही. युद्धात त्यांनी रशियाची बाजू घेतली, पहाड गमावले, आणि 1918 साली इराणातून जीव घेऊन पळत ते बगदादजवळच्या बाकुबा येथील इंग्रजांच्या छावणीत आश्रयाला आले. त्याच वर्षी त्यांचा धर्माध्यक्ष मार शिमून बेन्यामिन सिम्को या कुर्द सरदाराच्या दग्याला बळी पडला होता, तोही सलोख्याच्या भेटीला बोलावून घेऊन.

इंग्रजांना त्या वेळी इराक नावाचे नवे राज्य उभे करावयाचे होते आणि त्याचा बंदोबस्त स्वस्तात राखावयाचा होता. निर्वासितांतील लढवय्ये त्यांनी लेव्ही नावाच्या फौजेत भरती केले, इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली ठेवले, आणि विमानतळांच्या राखणीस व कुर्दांची बंडे मोडण्यास लावले. कूतच्या वेढ्यात सापडून 1916 साली कैद झालेल्या 110व्या मराठा पलटणीच्या ज्या कुटुंबांनी मेसोपोटेमियाचे, म्हणजे याच इराकचे, नाव धसक्याने घेतले, त्यांना सांगून खरे वाटले नसते, पण 1932 पर्यंत त्या देशात आपलाच रुपया चालत होता आणि लेव्हीच्या शिपायाचा पगारही त्यातच होई. पगार मिळाला, पण शेजारी वैरी झाले. 1924 च्या मे महिन्यात किरकुकच्या बाजारात वादावादी होऊन असिरियन शिपायांनी पन्नासेक नागरिकांना ठार केले, तेव्हापासून अरब आणि कुर्द दोघांच्याही दृष्टीने हे लोक परक्या सत्तेचे हस्तक ठरले. हक्कारीचा प्रदेश तुर्कस्तानकडे कायम झाल्याने परतीची वाटही मिटली.

मग 3 ऑक्टोबर 1932 रोजी इराक स्वतंत्र राष्ट्र म्हणून राष्ट्रसंघात दाखल झाला. त्यापूर्वीच जूनमध्ये लेव्हीतील असिरियनांनी सामुदायिक राजीनामे देऊन पाहिले होते. इंग्रजांनी ताबडतोब इजिप्तमधून एक पलटण विमानांनी आणून ते प्रकरण दाबले. असिरियनांचे मागणे असे की आम्हाला एके ठिकाणी वसवावे आणि मार शिमूनची ऐहिक सत्ता मान्य करावी. बगदादचे म्हणणे असे की स्वतंत्र राज्यात दुसरे राज्य चालणार नाही; प्रत्येकाने नागरिक म्हणून राहावे आणि हत्यारे खाली ठेवावीत. तत्त्वतः बगदादचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. आपणही संस्थाने विलीन करताना हेच म्हटले. पण ज्यांच्या नशिबी गेली अठरा वर्षे पळणे होते त्यांना हत्यार टाकण्यास सांगण्यापूर्वी त्यांच्या जीविताची हमी द्यावी लागते, आणि ती देण्याची ना बगदादची इच्छा होती, ना लंडनची. पंचविशीतल्या मार शिमून एशाईला 1933 च्या उन्हाळ्यात बगदादेत बोलावून तेथेच अडकवून ठेवण्यात आले.

जुलै महिन्यात लेव्हीत अंमलदारी केलेला मलिक याको काही शेकडा सशस्त्र माणसे घेऊन तैग्रिस ओलांडून फ्रेंचांच्या ताब्यातील सीरियात गेला. तेथे थारा मिळेना म्हणून 4 ऑगस्टला ते लोक परतले, आणि देराबून येथे इराकी लष्कराशी त्यांची चकमक झडून दोन्हीकडची माणसे पडली. असिरियनांचे बंड म्हणतात ते एवढेच. त्याची शिक्षा मात्र बंड करणाऱ्यांना झाली नाही. त्यांतले बहुतेक पुन्हा नदीपार निघून गेले होते. जनरल बक्र सिद्कीच्या फौजेने शिक्षा दिली ती घरी राहिलेल्यांना. सिमेले गावच्या पोलिस ठाण्याच्या आश्रयाला आसपासच्या खेड्यांतून माणसे जमली होती. त्यांच्याकडची हत्यारे काढून घेतली गेली आणि 11 ऑगस्ट रोजी मशीनगनची तुकडी आणून तीनशेच्या वर निःशस्त्र पुरुष मारले गेले. पंचक्रोशीतील साठांवर गावे लुटली गेली. मृतांचा एकूण आकडा ब्रिटिश अंदाजाने सहाशेच्या आसपास, तर असिरियनांच्या मते तीन हजारांहून अधिक. विजयी फौजेवर मोसुलात आणि बगदादेत फुले उधळली गेली. इराकचा राजा फैसल सप्टेंबरात स्वित्झर्लंडमध्ये वारला. मार शिमूनचे नागरिकत्व काढून घेऊन त्याला सायप्रसला धाडण्यात आले. आणि राष्ट्रसंघ ब्राझील, ब्रिटिश गियाना असे नकाशावर बोट फिरवीत या लोकांना कोठे नेऊन टाकावे याचा विचार करीत बसला. काही हजारांची सोय अखेर सीरियातील खाबूर नदीच्या काठी लागली. बक्र सिद्कीने तीन वर्षांनी त्याच लष्कराच्या बळावर बगदादचे सरकार उलथविले.

खानदेशातील सौदा मात्र शेवटपर्यंत टिकला, असे मानण्याचा मोह होतो, आणि इंग्रज लेखकांनी तो आवरलेला नाही. 1857 साल उजाडले तेव्हा काय झाले पाहा. सेंधव्याच्या घाटाची राखण सरकारी पगारावर करणारा खाज्या नाईक एका संशयिताच्या मृत्यूबद्दल शिक्षा भोगून आला होता. त्याला पुन्हा कामावर घेतले होते, तरी तो उठला, आणि त्याच्या व भीमा नाईकाच्या लोकांशी 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. सिन्नर भागातील भागोजी नाईक हा तर नगर जिल्ह्याच्या पोलिसांत नोकरी केलेला माणूस. दंग्याच्या आरोपावरून शिक्षा भोगल्यानंतर वर्तनाचा जामीन मागण्यात आला, तो अपमान त्याने गिळला नाही. 4 ऑक्टोबर 1857 रोजी नांदूर शिंगोट्याजवळ पोलिस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्या माणसांच्या गोळीने पडला, आणि त्यानंतर दोन वर्षे भागोजी कधी इंग्रजी हद्दीत तर कधी निजामाच्या डोंगरांत फिरत राहिला. तीस वर्षांपूर्वीचे वचन ज्यांनी दिले ते अधिकारी केव्हाच बदलून गेले होते; त्यांच्या जागी आलेल्यांना नाईक म्हणजे पगारपत्रकावरील एक नाव एवढेच ठाऊक होते. फ्रँक सूटरने, जो पुढे मुंबईचा पोलिस कमिशनर झाला, 11 नोव्हेंबर 1859 रोजी मिठसागर येथे भागोजीला गाठून ठार केले. या पाठलागासाठी सरकारने कॅप्टन नटॉलच्या हाताखाली सह्याद्रीतील कोळ्यांची एक नवी पलटण उभारली होती. भिल्ल शांत झाल्यावर, 1861 साली, ती मोडण्यात आली आणि थोड्या जणांना पोलिसांत घेऊन बाकीच्यांना घरी पाठविण्यात आले.